म्हाताऱ्या कुत्र्याचे क्रिएटिनिन ३.४ : आता नेमके काय करायचे?

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातला गोट्या नावाचा पामेरियन १२ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून तो फार पाणी पितो, रात्री घरातच लघवी करतो आणि सकाळी उपाशीपोटी पिवळी, फेसाळ उलटी काढतो. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, ३.४, युरिया १४८ आणि फॉस्फरस ६.८ निघाले. तीन दिवस सलाइन लावल्यावर क्रिएटिनिन २.८ वर उतरले, पण काही दिवसांतच पुन्हा ३.३ झाले. ‘किडनीला प्रोटीन चालत नाही’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे चिकन आणि अंडी बंद करून त्याला दहीभातावर ठेवले आहे आणि त्याचे वजन ९ किलोंवरून ७.८ वर आले आहे. किडनी बरी होईल का, रोज सलाइन लावावे का, डायलिसिस करावे का आणि घरात ९ वर्षांची मांजर आहे तिचीही तपासणी करून घ्यावी का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कुत्र्याच्या एकेका मूत्रपिंडात सुमारे चार लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात आणि एकदा मेलेले नेफ्रॉन परत तयार होत नाहीत. क्रिएटिनिन वाढलेले दिसू लागते तेव्हा मूत्रपिंडांची जवळपास तीन-चतुर्थांश क्षमता आधीच गेलेली असते. त्याआधीच लघवी घट्ट करण्याची शक्ती जाते, आणि म्हणून पहिले लक्षण तहान हेच असते. गोट्या जास्त पाणी पितो म्हणून जास्त लघवी करतो असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात लघवीवाटे पाणी थांबवता येत नाही म्हणून त्याला ते पिऊन भरून काढावे लागते. अंथरूण ओले होते म्हणून रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. या आजारात याहून घातक उपाय नाही. आठ-दहा तास पाणी न मिळालेला असा कुत्रा सकाळपर्यंत कोरडा पडतो, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो आणि उरलेल्या नेफ्रॉनपैकी आणखी काही जातात. रात्री त्याला एकदा बाहेर न्या, खाली चटई अंथरा, पण भांडे भरलेले असू द्या.

मात्र किडनी बरी होणार नाही म्हणजे कुत्रा बरा राहणार नाही, असे नव्हे. आपल्याला उरलेली क्षमता सांभाळायची आहे आणि त्या क्षमतेवर गोट्याला खाता-पिता, हिंडता-फिरता ठेवायचे आहे. या कामात क्रिएटिनिनचा आकडा फारसा मदतीला येत नाही, आणि तुमचे सगळे लक्ष नेमके त्याच आकड्यावर खिळले आहे. सलाइनने तो ३.४ वरून २.८ झाला याचा अर्थ एवढाच की उलट्यांमुळे शरीरात पाण्याची जी तूट पडली होती ती भरून निघाली. ३.३ ही त्याची सध्याची खरी पातळी आहे आणि ती २ वर आणण्यासाठी धडपडण्यात अर्थ नाही. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येते. कुत्रा खंगत गेला की स्नायू घटतात आणि मूत्रपिंड तितकेच बिघडलेले असूनही आकडा उतरतो. उद्या क्रिएटिनिन २.९ आले आणि वजन ७ किलो झाले, तर ती सुधारणा मानू नका.

युरियाबाबत एक व्यावहारिक खुलासा करतो. माणसांच्या लॅब बहुधा युरिया लिहून देतात आणि पशुवैद्यकीय तक्ते बहुधा बीयूएन, म्हणजे युरियातील नायट्रोजन, या स्वरूपात असतात. युरियाला २.१४ ने भागले की बीयूएन मिळते, म्हणजे तुमचे १४८ हे सुमारे ६९ होतात. एका लॅबचा युरिया आणि दुसऱ्या लॅबचे बीयूएन शेजारी ठेवून ‘आठवड्यात निम्मे झाले’ म्हणून आनंदलेले लोक माझ्याकडे येतात. तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये आणि उपाशीपोटी करून घ्याव्यात. पाणी मात्र बंद करू नये.

पशुवैद्यकात या आजाराच्या पायऱ्या ठरवण्यासाठी जगभर आयरिस या संस्थेची पद्धत वापरली जाते. कुत्र्याचे क्रिएटिनिन १.४ ते २.८ असेल तर दुसरी पायरी, २.९ ते ५.० असेल तर तिसरी आणि ५ च्या वर गेले तर चौथी. गोट्या तिसऱ्या पायरीवर आहे. पण तीच पद्धत पुढे आणखी दोन गोष्टी मागते, लघवीतील प्रथिन आणि रक्तदाब, आणि या दोन्ही तुमच्या कागदांत नाहीत. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. रक्त तीनदा तपासले गेले आणि लघवी एकदाही नाही.

लघवी मिळवणे अवघड नसते. सकाळी पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा हातात लांब दांड्याची स्वच्छ, कोरडी पळी ठेवा. पाय वर करून धार सुरू झाली की पहिला थोडा भाग जाऊ द्या आणि मग पळी खाली धरा. दोन-तीन चमचे पुरतात. कोरड्या बाटलीत भरून ती दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. तिच्यातून तीन गोष्टी कळतात. पहिली, विशिष्ट गुरुत्व म्हणजे लघवीचा घट्टपणा, ते १.००८ ते १.०१२ च्या आसपास अडकलेले असेल तर मूत्रपिंड लघवी घट्टही करत नाहीत आणि पातळही करत नाहीत. दुसरी, जंतुसंसर्ग, पातळ लघवीत जंतू सहज वाढतात आणि म्हाताऱ्या कुत्र्यात कोणतीही तक्रार न दिसता संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असू शकतो. त्यासाठी लागणारे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, मात्र पळीतल्या नमुन्यावर भरवशाचे होत नाही. ती लघवी डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या आधारे सुईने मूत्राशयातून काढावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे लघवीतील गुणोत्तर. कुत्र्यात ते ०.५ च्या वर सातत्याने राहिले तर मूत्रपिंडाची गाळणी प्रथिन गळू देत आहे आणि ते गळणे स्वतःच पुढची हानी करते. तसे निघाल्यास बेनाझेप्रिल, एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांपैकी एक औषध द्यावे लागते. ते कोरडा पडलेल्या कुत्र्यात सुरू करायचे नसते, आणि सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम पुन्हा पाहायचे असते.

प्रथिन गळत असेल तर कारणही शोधले पाहिजे. आपल्याकडे गोचीड तापाचा, त्यातही एर्लिकियाचा, जुना संसर्ग मूत्रपिंडात असा मागे राहिलेला वारंवार आढळतो. गोट्याच्या अंगावर कधी गोचिडी झाल्या होत्या का आणि प्लेटलेट कमी असल्याचे कधी सांगितले गेले होते का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. लेप्टोस्पायरोसिस हा प्रामुख्याने अचानक येणारा आजार आहे, पण पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या डबक्यांतून फिरलेला कुत्रा त्यातून वाचला तरी मूत्रपिंड अधू होऊन राहू शकतात. सोनोग्राफी एकदा करून घ्यावी; मूतखडा, गाठ किंवा अडथळा नाही एवढी खात्री तरी होते.

रक्तदाब मोजण्याची सोय अजून सगळ्या दवाखान्यांत नाही, पण नाशिकसारख्या शहरात ती मिळते. मोजण्यापूर्वी कुत्र्याला दहा मिनिटे शांत बसू द्यावे आणि पाच-सात वाचनांची सरासरी घ्यावी. टेबलावर ओढून लगेच मोजलेला दाब खरा नसतो. वरचा दाब शांतपणे मोजूनही १६० च्या वर राहत असेल तर उपचार हवा आणि १८० च्या वर असेल तर लगेच हवा, कारण त्या दाबाने मूत्रपिंडाबरोबरच डोळ्याचा पडदाही निखळतो.

आता खाण्याकडे येतो, कारण गोट्याच्या बाबतीत सर्वांत तातडीची दुरुस्ती तिथे आहे. दहीभात बंद करा. या आजारात प्रथिन बंद करायचे नसते, ते माफक आणि चांगल्या प्रतीचे द्यायचे असते. तोडायचा असतो तो फॉस्फरस. फॉस्फरस मूत्रपिंडातून बाहेर पडतो आणि तो साचला की पॅराथायरॉइड ग्रंथी चेतते, हाडांतले कॅल्शियम निघू लागते आणि उरलेल्या नेफ्रॉनचा ऱ्हास वेगाने होतो. प्रथिन आणि फॉस्फरस बहुतेक पदार्थांत जोडीने येत असल्यामुळे ‘प्रोटीन बंद’ असा सोपा निरोप पसरला. त्याचा परिणाम तुम्ही पाहतच आहात: पोटातून प्रथिन मिळाले नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडते आणि त्यातूनही युरिया तयार होतोच.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी बनवलेले तयार खाद्य, ज्याला दुकानदार ‘रीनल’ म्हणतात, हा पहिला पर्याय. ते महाग आहे हे मला मान्य आहे, पण या आजारातल्या कोणत्याही औषधापेक्षा त्याच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ३८ कुत्र्यांच्या अभ्यासात असे खाद्य खाणारे आजारी कुत्रे साधे खाद्य खाणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त जगले आणि युरियाची विषबाधाही त्यांना उशिरा झाली. ते एका दिवसात मात्र बदलू नका. मळमळत असलेल्या किंवा सलाइनवर असलेल्या कुत्र्यापुढे नवे खाद्य ठेवले की तो त्या मळमळीचा दोष खाद्यावर टाकतो आणि नंतर त्याला तोंड लावत नाही. आधी उलट्या थांबवा, मग दोन-तीन आठवड्यांत चमच्या-चमच्याने मिसळत जा.

घरचेच द्यायचे असेल तर पांढरा भात, अंड्याचा पांढरा भाग, थोडे बिनहाडाचे चिकन आणि वर थोडे तूप किंवा तेल असा पाया ठेवता येतो. अंड्याच्या पांढऱ्यात उत्तम प्रथिन असते आणि फॉस्फरस अगदी नगण्य. पिवळ्या बलकात तो भरपूर असतो, म्हणून बलक वगळा. चिकनचे तुकडे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या. चव यावी म्हणून आपण हेच पाणी भातात घालतो, आणि निघालेला फॉस्फरस त्याच पाण्यात उतरलेला असतो. काळीज, हाडांचे सूप, सुकट, पनीर, दूध हे सगळे वर्ज्य. फरसाण, पाव आणि चीज मिठामुळे वर्ज्य. मात्र एवढ्यावर कुत्रा महिनोन्‌महिने ठेवता येत नाही. कॅल्शियम, जीवनसत्त्वे आणि ओमेगा-३ असलेले माशाचे तेल त्यात मोजून घालावे लागते आणि ते प्रमाण वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. काहीच न खाण्यापेक्षा ‘चुकीचे’ खाल्लेले परवडते, हेही लक्षात असू द्या. गोट्याने रीनल खाद्य चार दिवस हुंगूनही पाहिले नाही तर हट्ट सोडून त्याच्या आवडीचे द्या.

तिसऱ्या पायरीवर फॉस्फरस ५ च्या खाली हवा आणि तुमचा ६.८ आहे. चार ते सहा आठवडे आहार पाळूनही तो उतरला नाही तर फॉस्फरस बांधणारे औषध जोडावे लागते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, लँथॅनम, सेव्हेलॅमर यांपैकी एखादे. ही औषधे अन्नातल्या फॉस्फरसला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून ती जेवणात कालवूनच द्यायची. रिकाम्या पोटी दिलेला डोस वाया जातो. केमिस्टकडची गुलाबी अँटासिडची बाटली आणून देऊ नका, कारण त्यात बहुधा मॅग्नेशियमही असते आणि ते या रुग्णांत साचते.

सकाळच्या पिवळ्या उलटीसाठी मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन उपयोगी पडते. दर किडनीच्या रुग्णाला वर्षभर ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध देण्याची जी रूढी आहे तिला मात्र फारसा आधार नाही. काळी शी किंवा उलटीत रक्त असेल तर गोष्ट वेगळी. हिरड्या फिकट पडू लागल्या तर हिमोग्लोबिन पाहा, कारण रक्तपेशी बनवण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच तयार होते आणि त्याची उणीव केवळ लोहाच्या टॉनिकने भरून निघत नाही.

रोज शिरेतून सलाइन लावण्याची गरज नाही. दवाखान्यात रोज तासन्‌तास बांधून ठेवल्याने तो खाणे सोडेल आणि पायाच्या शिराही खराब होतील. तो पुरेसे पाणी पीत असेल तर काहीच लागणार नाही. खाणे कमी झाले, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसते, हिरड्या चिकट लागतात, अशा वेळी कातडीखाली रिंगर लॅक्टेट हे सलाइन देता येते आणि ते घरीही जमते. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करायची, उंच खिळ्याला टांगायची, नळीतली हवा काढायची, दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलून तिच्या पायथ्याशी सुई आडवी सरकवायची आणि चावी उघडायची. गोट्याच्या वजनाला एका वेळी १०० ते १५० मिलिलिटर पुरे होते. खांद्यावर पाण्याचा फुगा येतो आणि तो हळूहळू पुढच्या पायाकडे लोंबतो. घाबरू नका, काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर पुढचा डोस देऊ नका. हृदयाचा आजार असल्यास किंवा श्वास लागत असल्यास हे घरी अजिबात करायचे नाही. ग्लुकोजचे सलाइनही कातडीखाली द्यायचे नाही.

शहाळ्याचे पाणी बरेच जण प्रेमाने देतात. त्यात पोटॅशियम खूप असते, आणि बेनाझेप्रिलसारखी औषधे घेणाऱ्या किंवा लघवी कमी होऊ लागलेल्या कुत्र्यात ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. पुनर्नवा आणि गोखरू असलेल्या काढ्यांबद्दलही विचारणा होते. त्यांनी मूत्रपिंड सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. आहार आणि मुख्य उपचार सोडून ते दिल्याने गेलेले महिने मात्र पाहिले आहेत.

याउलट काही गोष्टी त्याच्या जवळपासही येऊ देऊ नका. म्हातारपणी सांधे दुखतात म्हणून घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइडची अर्धी गोळी दिली जाते आणि ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तोडते. हे किती टोकाला जाऊ शकते ते आपण गिधाडांत पाहिले: डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आणावी लागली. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही अँटिबायोटिक इंजेक्शनेही मूत्रपिंडाला जाचक आहेत. गोट्याला कोणत्याही कारणाने नव्या डॉक्टरांकडे नेलेत तर ‘याचे क्रिएटिनिन ३.३ आहे’ हे पहिले वाक्य असू द्या. आणि तुम्ही नाशिकचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे अचानक निकामी करू शकतात. कोणाला किती बाधतील याचा अंदाज लागत नाही, त्यामुळे ‘एखादे चालते’ असे धरून चालू नका.

डायलिसिसचा विचार गोट्यासाठी करू नका. देशात मोजक्या ठिकाणी कुत्र्यांचे डायलिसिस होते, पण त्याचा खरा उपयोग लेप्टोस्पायरोसिस किंवा विषबाधेसारख्या अचानक बिघडलेल्या मूत्रपिंडांना सावरायला काही दिवस मिळवून देण्यासाठी आहे. जुनाट आजारात ते आठवड्यातून दोन-तीनदा, आयुष्यभर लागेल, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे उरलेले आयुष्य त्यात घालवण्याच्या बाजूने मला एकही युक्तिवाद सापडत नाही.

किती काळ मिळेल हे तुम्ही विचारले नाही, पण मनात असणारच. तिसऱ्या पायरीवरचे कुत्रे काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत, क्वचित त्याहूनही जास्त चांगले जगतात. प्रथिन गळत नसेल, दाब ताब्यात असेल आणि वजन टिकले असेल तर पारडे लांब काळाकडे झुकते. दर रविवारी त्याचे वजन करा आणि महिन्यातून एकदा २४ तासांत तो किती पाणी पितो ते मोजून लिहा. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर म्हणजे अजूनही जास्तच. बारा तास लघवी न होणे, दिवसभर उलट्या, तोंडात व्रण, झटके, उभे न राहणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उपचार करूनही तो दिवसच्या दिवस खात नसेल, माणसांकडे पाठ फिरवून पडून राहत असेल, तर वेदनारहित मरण देण्याविषयी डॉक्टरांशी बोला. ते पाप आहे असे मानणाऱ्या घरांशी मी वाद घालत नाही; अशा वेळी मळमळ आणि वेदना कमी करणारी औषधे चालू ठेवून सलाइनच्या सुया तरी थांबवाव्यात, एवढे सांगतो.

मांजरीची तपासणी जरूर करा. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार कुत्र्यांपेक्षा जास्त आढळतो आणि त्या तो फार काळ लपवतात; नळाखाली जाऊन बसणे, वाळूत नेहमीपेक्षा मोठे गोळे होणे आणि पाठीचा कणा हाताला लागणे एवढेच दिसते. सात वर्षांनंतर वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीचे विशिष्ट गुरुत्व, रक्तदाब आणि वजन पाहावे. लॅबमध्ये एसडीएमए ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी होत असेल तर तेही, कारण ते क्रिएटिनिनच्या आधी वाढते. अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिलेले पाहून कागद फेकू नका. गेल्या वर्षी ०.९ असलेले क्रिएटिनिन या वर्षी १.५ झाले तर लॅब त्याला नॉर्मलच म्हणेल, पण मी त्या मांजरीची लघवी तपासेन. मांजरीला दहीभातावर किंवा शाकाहारावर ठेवू नका, ओले खाद्य वाढवा, फुलांच्या गुच्छातली लिली घरात आणू नका, कारण तिचे परागही मांजरीची मूत्रपिंडे बंद पाडतात, आणि तापासाठी पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. तिला जर अचानक दिसेनासे झाले, भिंतींवर आपटू लागली आणि बाहुल्या मोठ्या झाल्या, तर ते म्हातारपण नसून बहुधा रक्तदाब असतो. त्याच दिवशी अम्लोडिपिन सुरू झाले तर कधीकधी दृष्टी परत येते.